इंजिनच्या पार्टचा नियम बदलला की हौशी ड्रॅग रेसरचं काय होतं: नवीन येणाऱ्यांसाठी पायरीपायरीने

ऑक्टोबरची संध्याकाळ होती, न्यू जर्सीत ग्रेट मेडोजला आयलंड ड्रॅगवे आहे तिथे, आणि शेजारच्या पिटमधला एक पोरगा हातातली टाइम स्लिप (रनची वेळ छापलेली चिठ्ठी) उलटसुलट करून बघत उभा होता. उन्हाळाभर त्याची मस्टँग पाव मैलाला ११.१५, ११.१२ सेकंद अशी जात होती आणि थंड हवा पडल्यावर ती पहिल्यांदा १०.९७ गेली. पोरगा एकदम खूष. तेवढ्यात टेकवाला, म्हणजे गाड्या तपासणारा माणूस, आला, बॉनेट उघडायला लावलं, वाकून क्रँकच्या पुढच्या टोकाकडे बघितलं आणि म्हणाला आज पुढचा रन नाही, बॅलन्सर फॅक्टरीचा आहे, १०.९९ किंवा त्याच्या खाली गेलं की एसएफआय १८.१ चा (सुरक्षेच्या त्या मानकाचा शिक्का असलेला) लागतो. रोल बार होता, बेल्ट नवे होते, हेल्मेट बरोबर होतं, आणि अडलं ते क्रँकची थरथर जिरवणाऱ्या एका गोल लोखंडी तुकड्यावर. तो मला सारखा म्हणत होता, पण दादा मी गाडीत काहीच बदललं नाहीये.

त्या दिवशी रेघ, म्हणजे १०.९९ ची हद्द, जागेवर होती आणि गाडी तिच्या पलीकडे गेली. नियम बदलतो तेव्हा नेमकं उलटं होतं, गाडी जागेवर असते आणि रेघ सरकते. खिशाला दोन्ही सारखंच लागतं. आणि हौशी माणसाला जास्त लागतं कारण त्याच्यामागे टीम नाही, स्पॉन्सर नाही, पगारातून जे उरतं त्यातून इंजिन बांधायचं असतं.

मी मूळचा चिंचवडचा, राहतो एडिसनला, आणि बरीच वर्षं शनिवार-रविवार हेच करतोय. इकडे आलेली आपली बरीच मुलं आता जुनी मस्टँग नाहीतर कमॅरो घेऊन ट्रॅकवर येतात आणि सगळे पहिल्यांदा एकच गोष्ट करतात, आधी पार्ट घेतात आणि मग नियम वाचतात. ते उलटं व्हावं म्हणून हे एवढं लिहितोय. सगळं अमेरिकेतल्या एनएचआरएच्या, म्हणजे ड्रॅग रेसिंगच्या संघटनेच्या, नियमांबद्दल आहे, महाराष्ट्रातल्या मित्रांसाठी थोडं खाली आहे.

पहिली पायरी: आपला नंबर काय ते आधी कळू द्या

ड्रॅग रेस म्हणजे सरळ रस्ता, दोन गाड्या, पाव मैल. १३२० फूट, म्हणजे ४०२ मीटर. बऱ्याच ट्रॅकवर निम्मं, ६६० फूट पण पळवतात. तुमची गाडी हे अंतर किती सेकंदात कापते तो तुमचा नंबर, आणि बहुतेक सगळे नियम त्याच नंबरवर टांगलेले असतात. म्हणून पहिल्या सीझनला एकही पार्ट घेऊ नका, टेस्ट अँड ट्यूनच्या (सरावाच्या) रात्री जा, दहा-पंधरा रन करा, सगळ्या स्लिपा एका फोल्डरमध्ये लावा आणि प्रत्येकीवर त्या दिवशीचं तापमान लिहून ठेवा.

ढोबळ रेघा अशा: १३.९९ किंवा फास्ट असाल तर हेल्मेट पाहिजेच, आणि स्लिक टायर लावले असतील तर ड्राइव्हशाफ्टचा लूप (शाफ्ट तुटला तर धरून ठेवणारं कडं) पण. ११.४९ ला रोल बार. १०.९९ ला तो बॅलन्सर. ९.९९ ला केज (ड्रायव्हरभोवती पाइपचा पिंजरा), चॅसीचं सर्टिफिकेट आणि ड्रायव्हरचं लायसन्स. नव्या फॅक्टरी गाड्यांना यातल्या काही ठिकाणी सूट आहे, कन्व्हर्टिबलला उलट जास्त कडक आहे, ते आपापल्या गाडीचं रूलबुकात बघा. कूलंटचा कॅच कॅन (बाहेर आलेलं कूलंट धरणारा डबा) मात्र पहिल्या दिवसापासून, निदान १६ औंसाचा, म्हणजे साधारण अर्धा लिटर.

तुमचा नंबर रेघेपासून किती लांब आहे हे बघा, उन्हाळ्याचा नाही, नोव्हेंबरचा. जूनमध्ये ११.५५ जाणारी गाडी थंड, जड हवेत ११.४५ सहज जाते. मी लोकांना सांगतो की रेघेच्या दोन दशांश सेकंद अलीकडे असाल तर रेघ ओलांडलीच आहे असं धरून चाला आणि तो पार्ट आत्ताच बजेटमध्ये टाका.

दुसरी पायरी: नियम कशासाठी आहे ते ओळखा

इंजिनच्या पार्टचे नियम दोन कारणांनी बदलतात, कोणाचा जीव जाऊ नये म्हणून आणि कोणाला फुकटचा फायदा मिळू नये म्हणून. हे दोन प्रकार वेगळे ओळखता आले पाहिजेत कारण दोघांशी वागायची पद्धत पूर्ण वेगळी आहे.

पहिल्या प्रकारात वाद घालायचा नाही. फॅक्टरीच्या बॅलन्सरमध्ये आत एक गाभा आणि बाहेर एक जड कडं असतं, दोघांच्या मधे रबर. तीस वर्षांत ते रबर वाळतं, भेगा पडतात, आणि इंजिन सहा-सात हजार आरपीएमवर असताना ते कडं सुटलं तर रेडिएटर फाडून, बॉनेट फाडून कुठेही जातं. फ्लेक्सप्लेट (क्रँकच्या मागच्या टोकाची चकती) फुटली तर ती थेट तुमच्या पायांच्या वर. तुम्ही बसलेले असता आणि पलीकडे प्रेक्षक बसलेले असतात. इथून अर्ध्या-पाऊण तासावर इंग्लिशटाऊनचा ट्रॅक होता, २००८ च्या जूनमध्ये फनी कारचा ड्रायव्हर स्कॉट कॅलिटाचा तिथे क्वालिफायिंगमध्ये जीव गेला, इंजिनचा स्फोट होऊन गाडी थांबलीच नाही, आणि त्यानंतर काही दिवसांतच टॉप फ्युएल आणि फनी कार या सगळ्यात फास्ट क्लासच्या गाड्या पाव मैलाच्या ऐवजी १००० फुटांवर आणल्या त्या आजतागायत. तो ट्रॅक २०१८ च्या जानेवारीत ड्रॅग रेसिंगसाठी बंद झाला, मी त्या रस्त्याने जाताना अजूनही गाडी हळू करतो. तर सुरक्षेचा नियम बदलला की पैसे भरायचे आणि पुढे जायचं.

दुसरा प्रकार बरोबरीचा. कुठलं हेड चालेल, कुठला पिस्टन चालेल, कॅमची लिफ्ट (व्हॉल्व्ह किती उघडतो ते) किती, कार्ब्युरेटर कुठला. इथे विचार करायला, निवड करायला जागा असते. प्रोफेशनल लोकांचं उदाहरण घ्या, २०१६ ला प्रो स्टॉकमध्ये एका सीझनमध्ये कार्ब्युरेटर गेले, इंजेक्शन आलं, बॉनेटवरचे स्कूप गेले आणि १०,५०० आरपीएमची मर्यादा आली. आयुष्यभर कार्ब्युरेटर शिकलेल्या लोकांचं शेल्फभर सामान एका हिवाळ्यात निकामी झालं. त्यांच्याकडे डायनो (इंजिनची ताकद मोजायची यंत्रं) होते, माणसं होती, त्यांनी निभावलं. तसा बदल आपल्या क्लासमध्ये आला तर आपल्याला झेपेल का, हा प्रश्न क्लास निवडतानाच विचारायचा.

तिसरी पायरी: क्लास आधी, इंजिन नंतर

नवीन माणसाने ब्रॅकेटमध्ये सुरुवात करावी हे माझं ठाम मत आहे. ब्रॅकेटमध्ये तुम्ही स्वतःच काचेवर लिहिता की माझी गाडी समजा ११.६० जाणार, समोरचा लिहितो १३.१०, मग त्याला दीड सेकंद आधी हिरवा दिवा मिळतो आणि दोघं साधारण एकाच वेळी शेवटाला पोचतात. लिहिल्यापेक्षा फास्ट गेलात तर ब्रेकआउट, म्हणजे हरलात. इथे कोणाला पडलेली नसते की तुमच्या इंजिनात कुठलं हेड आहे. बरोबरीचा कुठलाही नियम बदलला तरी तुमच्यापर्यंत तो पोचतच नाही, फक्त सुरक्षेचे नियम लागू होतात. म्हणजे दोनातला एक त्रास तुम्ही क्लास निवडूनच संपवता. सुपर कॉम्प ८.९०, सुपर गॅस ९.९०, सुपर स्ट्रीट १०.९० असे ठरलेल्या इंडेक्सचे, म्हणजे नेमून दिलेल्या वेळेचे, क्लास पण आहेत, तिथेही इंजिनची बरीच मोकळीक आहे पण गाडी खूप सातत्याने पळावी लागते, ते नंतर.

मग लोक स्टॉक आणि सुपर स्टॉकमध्ये का जातात? कारण ते सुंदर आहे. १९६९ ची कमॅरो जशी कागदावर कंपनीतून निघाली तशीच, त्याच कास्टिंगचं हेड, त्याच मापाचा व्हॉल्व्ह, तोच कार्ब्युरेटर, आणि तेवढ्यातून माणसं असा वेग काढतात की विश्वास बसत नाही. स्टॉकमध्ये कॅमची लिफ्ट कंपनीने दिली तेवढीच ठेवायची, ड्युरेशन (व्हॉल्व्ह किती वेळ उघडा राहतो ते) मोकळं. हेडमधले पोर्ट (हवेच्या वाटा) घासायचे नाहीत. सुपर स्टॉकला कॅम मोकळा आणि बाकी पण बरंच मोकळं. या दोन क्लासमध्ये मात्र नियमातली प्रत्येक ओळ म्हणजे पैसे.

चौथी पायरी: हॉर्सपॉवरचा हिशोब शिका

हे सगळ्यात कमी लोकांना कळतं आणि सगळ्यात जास्त दुखतं, म्हणून जरा सावकाश वाचा.

स्टॉकमध्ये तुमच्या गाडी आणि इंजिनच्या जोडीला एनएचआरएने एक हॉर्सपॉवरचा आकडा दिलेला असतो. तो खरा आकडा नसतो, खरं इंजिन त्याच्यापेक्षा खूप जास्त काढतं, तो फक्त हिशोबाचा आकडा. गाडीचं वजन भागिले तो आकडा, त्यावरून तुमचा क्लास ठरतो. समजा तुमचा आकडा ३२५ आहे आणि तुमच्या क्लासला एका हॉर्सपॉवरमागे १० पौंड लागतात, तर गाडी ३२५० पौंडांची पाहिजे. आता एका सकाळी तो आकडा ३३३ झाला. गाडी तीच, इंजिन तेच, पण आता ३३३० पौंड लागणार, म्हणजे ८० पौंड, ३६ किलो लोखंड डिकीत बोल्ट मारून बसवायचं. १०० पौंडामागे साधारण एक दशांश सेकंद जातो असा सगळ्यांचा अंदाज आहे, म्हणजे तुमचे आठ शतांश गेले. एवढ्यात काय होतं असं वाटेल, पण याच क्लासचे दोघे जण समोरासमोर आले की डायल-इन (काचेवर लिहिलेली वेळ) नसतं, ब्रेकआउट नसतं, हेड्स-अप पळायचं, जो आधी पोचेल तो जिंकला. तिथे आठ शतांश म्हणजे एक अख्खी गाडी मागे.

आणि आकडा का वाढतो? एनएचआरएची एक पद्धत आहे, ती निकालांवर लक्ष ठेवते, आणि एखादी जोडी तिच्या इंडेक्सच्या (क्लासला ठरवून दिलेल्या वेळेच्या) फारच खाली पळायला लागली की तिचा आकडा वाढवते. हा आकडा माणसाला लागत नाही, जोडीला लागतो. म्हणजे कॅलिफोर्नियातल्या एखाद्याने तुमच्यासारखीच गाडी खूप पैसे घालून खूप फास्ट पळवली तर पेनसिल्व्हेनियातल्या मेपल ग्रोव्हला पळणाऱ्या तुमच्या गाडीत पण लोखंड वाढतं, तुम्ही वर्षभर गाडी गॅरेजमधून काढलेली नसली तरी. हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा रात्रभर चुटपुट लागली होती. म्हणून अनुभवी लोक शेवटच्या शंभर फुटांत पाय उचलतात, ब्रेक लावतात, पूर्ण नंबर दाखवतच नाहीत. मला ते मनापासून आवडत नाही, गाडी पूर्ण पळावी असंच वाटतं, पण ते तसं का करतात हे समजतं.

२००८ ला फोर्डने कोब्रा जेट मस्टँग परत आणली, मग क्रायस्लरची ड्रॅग पॅक चॅलेंजर आली, २०१२ ला शेवरोलेची कोपो कमॅरो. कंपनीतूनच रेससाठी बांधून आलेल्या गाड्या, काहींना सुपरचार्जर, आणि त्या ज्या क्लासमध्ये उतरल्या तिथे कोणीतरी वडलांची साठच्या दशकातली गाडी घेऊन उभा होता. आकडे वाढवून वाढवून त्यांना जागेवर आणावं लागलं. तेव्हा स्टॉकला जायचंच असेल तर जोडी निवडताना दोन गोष्टी बघा, ती जोडी देशात अजून किती जण पळवतायत आणि त्यातले किती जण इंडेक्सच्या खूप खाली जातायत. फारशी कोणी न पळवलेली, कोपऱ्यातली जोडी नवीन माणसाला बरी, तिच्यावर कोणाचा डोळा नसतो.

पाचवी पायरी: रूलबुक कसं वाचायचं

पुस्तक जाड आहे पण भाग ठरलेले आहेत. सर्वसाधारण नियमांचे दहा भाग, १ इंजिन, २ ड्राइव्हट्रेन, मग ब्रेक आणि सस्पेन्शन, फ्रेम, टायर, इंटिरियर, बॉडी, इलेक्ट्रिकल, सपोर्ट, आणि १० ड्रायव्हर. तुमच्या क्लासचं पान उघडा, ते तुम्हाला इकडच्या नंबरांकडे पाठवतं. दोन्ही वाचायचं. फक्त क्लासचं पान वाचून पार्ट घेणारे बरेच पाहिलेत.

शब्दांकडे नीट लक्ष द्या, सक्तीचं, परवानगी असलेलं आणि मान्यताप्राप्त हे तीन वेगळे आहेत. सक्तीचं म्हणजे नसेल तर पळायचं नाही. परवानगी म्हणजे लावलं तर चालेल. मान्यताप्राप्त म्हणजे त्याच कंपनीचा तोच पार्ट नंबर यादीत पाहिजे, तसाच दिसणारा दुसरा चालत नाही. जुनी हेडं, ब्लॉक, पिस्टन आता मिळत नाहीत म्हणून त्यांच्या जागी चालणाऱ्या नव्या पार्टची यादी असते आणि ती वाढत जाते. हा बदल आपल्या बाजूचा असतो, पण त्यातही एक मेख आहे, नवं हलकं पिस्टन यादीत आलं की ज्यांना परवडतं ते सगळे ते घालतात आणि जुनं पिस्टन कायदेशीर राहूनही मागे पडतं. सक्ती नाही तरी खर्च होतोच.

तिसरं म्हणजे तारीख. नियम जाहीर कधी झाला आणि लागू कधी होणार यात बऱ्याचदा अंतर असतं, तो तुमचा तयारीचा वेळ. सीझनच्या मधे सुद्धा दुरुस्त्या निघतात म्हणून जानेवारीत एकदा वाचून वर्षभर निश्चिंत राहू नका, प्रत्येक मोठ्या रेसच्या आठवडाभर आधी बघा. शंका असेल तर आपल्या डिव्हिजनच्या टेकला विचारा, असे सात डिव्हिजन आहेत, आपण ईशान्येकडचे लोक डिव्हिजन १ मध्ये. लेखी विचारा, लेखी उत्तर घ्या, प्रिंट काढून गाडीत ठेवा. पिटमधल्या मित्राने सांगितलं हे टेकच्या रांगेत चालत नाही.

सहावी पायरी: एक पार्ट कधीच एकटा येत नाही

इथे माझा स्वतःचा अनुभव सांगतो. माझी गाडी १९८९ ची मस्टँग, ५.० चं इंजिन. १०.९९ ची रेघ जवळ यायला लागली तसं मी ठरवलं की बॅलन्सर आणि फ्लेक्सप्लेट दोन्ही एसएफआयचे घालायचे. फोर्डच्या या ३०२ इंजिनांत एक भानगड आहे, जुन्या इंजिनांचा क्रँक २८ औंसाच्या असमतोलावर बांधलेला आणि ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीपासूनचा ५० औंसाच्या, म्हणजे पुढचा बॅलन्सर आणि मागची फ्लेक्सप्लेट दोन्हीवर तेवढ्याच हिशोबाचं जास्तीचं वजन पाहिजे. माझी गाडी ८९ ची म्हणून मी डोळे झाकून ५० ची जोडी मागवली. पण आतलं इंजिन मी वापरलेलं घेतलं होतं, स्ट्रोक वाढवून ३४७ केलेलं, आणि विकणाऱ्याने सांगितलं होतं की क्रँक फॅक्टरीच्या हिशोबाचाच आहे. नव्हता. तो २८ चा होता.

चालू केल्यावर आयडलला काहीच कळलं नाही. ट्रेलरवर चढवताना सुद्धा नाही. पहिल्या रनला चार हजारांच्या वर गेल्यावर स्टीअरिंगमधून एक बारीक गुणगुण यायला लागली, दात हुळहुळतात तशी, आणि मी वाटून घेतलं की नवीन टायरचं असेल. तीन रन केले. घरी येऊन ऑइल काढलं तर त्यात चमक, फिल्टर कापून उघडला तर घड्यांमध्ये तांबूस कण. पुढची मेन बेअरिंग पार तांब्यापर्यंत घासली होती. काहीशे डॉलरचा पार्ट घालायला गेलो आणि अख्खं इंजिन खाली उतरवून क्रँकला पॉलिश, नवी बेअरिंग, परत बॅलन्सिंग, सगळा उन्हाळा गेला.

तर नियमाने एखादा पार्ट बदलायला लावला की कागद घ्या आणि लिहा, तो कशाला जोडलेला आहे, ते कशाला जोडलेलं आहे. बॅलन्सर बदलला तर पुलीचे बोल्ट जुळतात का, टायमिंगची खूण बरोबर जागी येते का. पिस्टन बदलला तर वजन बदललं, बॅलन्सिंग परत. हेड बदललं तर पुशरॉडची लांबी परत मोजा. किमतीचा अंदाज करताना मी पार्टची किंमत दुप्पट करतो, आणि मशीन शॉपमध्ये काम जाणार असेल तर तिप्पट, हा माझा आपला ठोकताळा आहे पण आजवर फारसा चुकला नाही.

वापरलेला पार्ट घेताना एसएफआयचा शिक्का आणि तारीख स्वतःच्या डोळ्यांनी बघा, फोटोवर नाही. काही पार्टना मुदत असते, सीटबेल्टची दोन वर्षं, फ्लेक्सप्लेट, बेलहाउसिंग वगैरेंना आपापली, १८.१ च्या बॅलन्सरला परत तपासणी लागत नाही. मुदत संपत आलेला पार्ट स्वस्तात मिळतो तो त्यामुळेच.

सातवी पायरी: उघडून दाखवायची तयारी

ब्रॅकेटवाल्यांनी ही पायरी सोडली तरी चालेल. स्टॉकमध्ये मोठ्या रेसला, विशेषतः इंडियानापोलिसला लेबर डेच्या सुमाराला यूएस नॅशनल्स होते तिथे, क्लास जिंकला की इंजिन खोलावं लागतं. एकदा मी मदतनीस म्हणून गेलो होतो. हेड उतरवून टेबलावर उलटं ठेवलं, चेंबरच्या कडेला बोटाने ग्रीस लावलं, त्यावर मधे भोक असलेली जाड पारदर्शक काच दाबून बसवली, आणि टेकवाल्याने ब्युरेटमधून रंगीत पाणी थेंब थेंब सोडायला सुरुवात केली. शेवटचा हवेचा बुडबुडा भोकाकडे सरकत येतो तोपर्यंत तिथे कोणी बोलत नव्हतं. मग ब्युरेटवरचा आकडा वाचला, पुस्तकातल्या कमीत कमी सीसीशी ताडला, आणि गाडीच्या मालकाने, सत्तरीचे गृहस्थ, पहिल्यांदा श्वास सोडला.

नियम बदलला की हे माप पण बदलू शकतं, म्हणून इंजिन बांधतानाच सगळ्या मापांचा कागद करून ठेवा, चेंबरचे सीसी, डेकपासून पिस्टनचं अंतर, कॅमची लिफ्ट, हेडचा कास्टिंग नंबर, प्रत्येक पार्टची पावती. आणि एकदम कडेवर बांधू नका. कमीत कमी ६२ असेल तर ६२.० ला बांधणाऱ्याला एका घाणेरड्या व्हॉल्व्हवरच्या कार्बनने बाद केलेलं ऐकलंय, अर्धा सीसी सोडा.

आठवी पायरी: रूलबुकाच्या बाहेरचे नियम

हे पटकन सांगतो. २००४ ला इंजिन ऑइलचं एपीआय एसएम मानक आलं आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर टिकावेत म्हणून नेहमीच्या पातळ ग्रेडच्या ऑइलमधलं फॉस्फरस कमी झालं, त्याबरोबर झिंक पण. जुन्या फ्लॅट टॅपेट कॅमला तेच लागतं, त्यामुळे जुन्या इंजिनात आजचं साधं गाडीचं ऑइल घातलं की कॅमचे लोब (व्हॉल्व्ह उघडणारे उंचवटे) घासून गोल होऊ शकतात. रेसिंगचं ऑइल घ्या, ब्रेक-इनला तर नक्कीच.

दुसरं, ईपीए, म्हणजे अमेरिकेचं पर्यावरण खातं. रस्त्यावरची गाडी रेससाठी म्हणून तिचं एमिशनचं सामान काढणं हे क्लीन एअर अ‍ॅक्टमध्ये बसत नाही अशी त्यांची भूमिका राहिलीय आणि ट्यूनर (इंजिनचं सॉफ्टवेअर बदलणारी उपकरणं) विकणाऱ्या कंपन्यांवर मोठे दंड झालेत, त्याच्या विरोधात २०१६ पासून काँग्रेसमध्ये आरपीएम अ‍ॅक्ट नावाचं विधेयक मांडलं गेलंय. आपल्यासाठी याचा अर्थ एवढाच की ज्या गाडीने सोमवारी ऑफिसला जायचंय तिचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढू नका. रेसची गाडी वेगळी ठेवा.

नववी पायरी: नियम आपल्या अंगावर आलाच तर

पहिला आठवडा काहीच विकत घेऊ नका, जाहीर झाल्या झाल्या सगळे एकाच पार्टवर पडतात, किंमत चढते, आणि बऱ्याचदा पंधरा दिवसांत खुलासा निघतो. मग बघा की वजन घालून त्याच क्लासमध्ये राहता येतं का, हे सगळ्यात स्वस्त, पण वजन नियमात सांगितलंय तसंच, बरोबर जाडीच्या बोल्टने फ्रेमला, डिकीत नुसतं टाकलेलं नाही. नाही जमलं तर शेजारच्या क्लासमध्ये जोडी बसते का ते कागदावर काढा. तेही नाही तर गाडी ब्रॅकेटमध्ये आणा, तिथे ती आहे तशी चालते. इंजिन विकणं सगळ्यात शेवटी, कारण नियम बदलल्या बदलल्या ते इंजिन कोणालाच नको असतं. माझ्या ओळखीच्या एकाने अगदी तेव्हाच विकलं आणि दीड वर्षाने तेच हेड परत यादीत आलं.

महाराष्ट्रातल्यांसाठी

आपल्याकडे एफएमएससीआयच्या (भारतातल्या मोटरस्पोर्टच्या संघटनेच्या) मान्यतेने रेस होतात, लोणावळ्याजवळ अ‍ॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर व्हॅली रन नावाची ड्रॅग रेस झालीय, बाइकच्या रेस चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला झाल्यात. तिकडे क्लास बहुतेक सीसीवर ठरतात, त्यामुळे तुमचा सगळा खेळ बोअरचा (सिलिंडरच्या व्यासाचा) आहे. आरएक्स १०० चं बोअर ५० मिमी आणि स्ट्रोक ५० मिमी, म्हणजे ९८ सीसी. आरएक्स १३५ चं बोअर ५८, म्हणजे १३२. ते ५९ ला बोअर मारलं की १३६.७ झालं. म्हणून ओव्हरसाइज पिस्टन घालायच्या आधी त्या वर्षीच्या क्लासची हद्द बघा आणि पुढे अजून एक बोअर मारायला जागा ठेवा, हद्द खाली आली तर सिलिंडर परत लहान करता येत नाही, नवी स्लीव्ह टाकावी लागते. आणि रेसची बाइक ट्रॅकवर टेम्पोतून न्या. रस्त्यावर शर्यत लावायची नाही, कायद्याने गुन्हा आहे आणि त्यात मेलेली मुलं मी चिंचवडला असताना पाहिली आहेत.

तो ऑक्टोबरचा पोरगा मार्चमध्ये माझ्या गॅरेजमध्ये आला, नवा बॅलन्सर अजून खोक्यात. आधी आम्ही जुना काढला आणि त्याचा क्रँक कुठल्या हिशोबाचा आहे ते इंजिन बांधणाऱ्याच्या कागदावर शोधलं, ५० होता, खोक्यावर पण ५०. बॅलन्सर हातोडीने ठोकून बसवायचा नसतो, थ्रस्ट बेअरिंगची वाट लागते, त्यासाठी स्क्रूचं टूल येतं ते लावून हळूहळू आत ओढला. मग पहिल्या प्लगच्या भोकातून पिस्टन स्टॉप (पिस्टनला अडवणारा बोल्ट) घातला, क्रँक दोन्हीकडून हाताने फिरवून मधला बिंदू (पिस्टन अगदी वर असतो तो) काढला आणि टायमिंगची खूण तिथे येते का बघितलं. दोन अंशांनी पुढे होती. पांढऱ्या रंगाने नवी खूण केली, टायमिंग परत लावलं, आणि एप्रिलच्या पहिल्या शनिवारी त्याने काचेवर १०.९८ लिहिलं.